विमचा क्लिपबोर्ड: सोर्समधून कंपाइल करण्याची गरज नाही

डेबियन या लिनक्स प्रणालीवर एपीटीने (पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) विम हे मजकूर-संपादनाचे सॉफ्टवेअर बसवूनही त्यात कॉपी केलेला मजकूर ब्राउझरमध्ये पेस्ट होत नाही, या प्रश्नावर विम सोर्समधून कंपाइल करण्याचा, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः बांधण्याचा, सल्ला दिला जातो. माझ्या मते तो अनाठायी आहे, कारण पुढचे प्रत्येक सुरक्षा-अपडेट मग आपल्यालाच सांभाळावे लागते. डेबियन एकाच विमची अनेक पॅकेजे देते: मुळात येणारे 'विम-टायनी' इतके काटछाट केलेले आहे की त्यात विमस्क्रिप्ट या विमच्या आज्ञाभाषेतील अभिव्यक्तीही चालत नाहीत, आणि नुसत्या 'विम' पॅकेजात सिस्टिमच्या क्लिपबोर्डची (इतर प्रोग्रॅमशी कॉपी-पेस्टची) सोय नसते. 'vim --version' या आज्ञेने दिसणाऱ्या तपशिलात 'क्लिपबोर्ड' या शब्दापुढे उणे चिन्ह दिसले, तर कॉन्फिगमध्ये (विमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) कितीही ओळी लिहिल्या तरी उपयोग नाही. 'विम-जीटीके३' हे पॅकेज बसवा; त्याच चिन्हाच्या जागी अधिक दिसेल, आणि टर्मिनलमधले नेहमीचे विमही त्याचाच लाभ घेईल. मग क्लिपबोर्डचे सेटिंग 'अननेम्डप्लस' (unnamedplus) करावे, म्हणजे विममधली कॉपी थेट सिस्टिमच्या क्लिपबोर्डवर जाते.

हे सेटिंग होम फोल्डरमधील विमआरसी (.vimrc) या वैयक्तिक फाइलमध्ये लिहावे, '/etc' फोल्डरमधील सर्वांसाठीच्या सामाईक फाइलला हात लावू नये. अन्यथा पॅकेज अपग्रेड होताना कोणती प्रत ठेवायची, असा प्रश्न एपीटी विचारत बसते. मात्र ही वैयक्तिक फाइल तयार होताच, विम ८ पासून आपोआप लागू होणारी 'डिफॉल्ट्स' (defaults.vim) फाइल वाचली जात नाही, आणि कोडच्या वाक्यरचनेनुसार दिसणारे रंग अचानक गायब झाल्याने अनेक जण गोंधळतात. विमआरसीच्या पहिल्याच ओळीत ती डिफॉल्ट्स फाइल 'सोर्स' केली, म्हणजे विमला वाचायला सांगितली, की रंग परत येतात.