युटिलिटी प्लेअर: ग्लोव्ह किती घ्यावेत, आणि संघ सारखा का बदलतो?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): कॉलेजच्या बेसबॉल संघात मी युटिलिटी प्लेअर, म्हणजे मला कुठंही उभं करतात. एका ग्लोव्हवर भागेल का? आणि अमेरिकेत असले खेळाडू दर वर्षी नव्या संघात कसे?

उत्तर १: भागत नाही भावा. इनफिल्डला (बेसजवळच्या जागा), म्हणजे सेकंड बेस, शॉर्टला (सेकंड-थर्डच्या मधली जागा) 11.5 इंची, आउटफिल्डला (मागचं मैदान) 12.75. मोठा ग्लोव्ह इनफिल्डला घातलास तर चेंडू पॉकेटात (ग्लोव्हच्या खळग्यात) खोल रुततो. बोटांना सापडेपर्यंत रनर पहिल्या बेसवर. एकच परवडत असेल तर 11.75 घे. थर्डवरून फर्स्टला फेक सुमारे 127 फूट, तेवढा खांदा तयार ठेव. डावखुऱ्यानं मात्र इनफिल्डमध्ये फर्स्ट बेसच धरावा.

उत्तर २: मेजर लीगचा (अमेरिकेतली सर्वात वरची लीग) हिशेब बघ. संघातल्या 26 जणांत पिचर (चेंडू फेकणारे) जास्तीत जास्त 13. उरलेल्या 13 पैकी नऊ बॅटिंगला, एक राखीव कॅचर. बाकावर जागा राहिल्या तीन! म्हणून मैदानातल्या चार जागा सांभाळणारा हवाच. पण तीन ऑप्शन वर्षं (या वर्षांत संघ त्याला थेट मायनरला, म्हणजे खालच्या लीगला, धाडू शकतो) संपली की त्याला मायनरला धाडण्याआधी वेव्हर्सवर टाकावं लागतं, म्हणजे आधी बाकी संघांना त्याला घ्यायची संधी द्यावी लागते. तिथं दुसरा संघ उचलतो.

उत्तर ३: कमी लेखू नका. बेन झोब्रिस्ट असाच, 2016 च्या वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगची अंतिम मालिका) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू.