मदत हवी आहे: क्लच घसरतोय, फक्त प्लेट बदलू की पूर्ण सेट?

नमस्कार मंडळी. गाडी 2014 ची, पेट्रोल, 86 हजार किमी झालेली. क्लच अजून मूळचाच. रविवारी आई-बाबांना ओंकारेश्वरला नेलं होतं. परतताना भेरूघाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी काही वेग घेईना. मग जळका वास. मागे ट्रकांची रांग आणि बाबांना दमा, मला फार भीती वाटली. सिमरोलला तासभर थांबून रात्री इंदूर गाठलं.

शिवाय क्लच दाबला की घरघर येते, सोडला की थांबते. भंवरकुआँजवळचे मेकॅनिक म्हणतात, फक्त प्लेट टाकू, बाकी सगळं ठीक आहे. न उघडता कसं सांगतात? कृपया सल्ला द्या.

उत्तर:
आधी क्लचची केबल बघा, ताई. ती जास्त ताणलेली असेल तर पाय काढला तरी क्लच पूर्ण बसत नाही, पेडलला थोडी ढिलाई हवीच. ती ठीक असेल तर मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा रेस देऊन क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर क्लच गेला. हे एकदाच करा, पुन्हापुन्हा केलंत तर उरलीसुरली प्लेटही जळेल.

दाबल्यावर येणारी घरघर बहुतेक रिलीज बेअरिंगची, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगची. प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि बेअरिंग, म्हणजे पूर्ण सेटच एकदम बदला. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तेवढीच लागते, आणि महिन्याभरात बेअरिंग गेलं तर ती पुन्हा भरावी लागेल. उघडतील तेव्हा समोर उभ्या राहा. फ्लायव्हीलवर (प्लेट जिच्यावर दाबून बसते ती इंजिनची जड चकती) निळे-काळे डाग किंवा तडे आहेत का, आत तेल आलंय का, हे स्वतः बघा.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार. केबल ठीक होती, चाचणीत इंजिन बंद पडलंच नाही. काल उघडलं. प्लेट रिव्हेटपर्यंत झिजलेली, फ्लायव्हीलवर चरे, आणि सगळं तेलकट! क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं तेल अडवणारं ऑइल सील गळत होतं. नुसती प्लेट टाकली असती तर नवीही तेलात भिजली असती. सील बदललं, फ्लायव्हील लेथवर घासून घेतलं, पूर्ण सेट टाकला. आता पेडल हलकं झालंय, घरघर नाही.

जुनी प्लेट घरी आणली आहे, कुणाला बघायची असेल तर फोटो टाकते.