मदत हवी आहे: घरी गाणी पूर्ण करायचं ध्येय कसं ठरवावं?

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं घरीच गाणी लिहून रेकॉर्ड करतोय. कंडेन्सर माइक, ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचं उपकरण), हेडफोन आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, एवढंच सामान. अडचण सामानाची नाही. फोनमध्ये ४० तरी चाली गुणगुणून ठेवल्यात. मुखडा असतो, अंतरा नसतो. पूर्ण झालेली गाणी फक्त ३.

जानेवारीत 'वर्षात १२ गाणी' असं ठरवलं आणि पहिल्याच गाण्यात अडकलो. २४ बिटमध्ये, आवाजाची पातळी -१२ डीबीच्या वर जाऊ न देता रेकॉर्डिंग स्वच्छ होतं. पण एकाच ओळीचे वीस-वीस टेक घेत बसतो, आणि मिक्सिंग (सगळे आवाज एकत्र जुळवणं) करता करता शब्दच बदलावेसे वाटतात. लिहिणं आणि रेकॉर्डिंग एकाच बैठकीत करतो, तिथेच चुकत असावं.

तुम्ही ध्येय गाण्यांच्या संख्येत ठरवता की वेळेत, म्हणजे रोज अर्धा तास वगैरे? टेकना मर्यादा घालता का? आणि गाणं 'झालं' हे कशावरून ठरवता? (मला हाच प्रश्न सगळ्यात जास्त छळतो.)

नोकरी सांभाळून हे जमवलेल्यांनी कृपया अनुभव सांगा. त्या चाली अशा अर्धवट पडून राहिलेल्या बघवत नाहीत.