अनुभव धागा: 'पोरं पळवणारी टोळी' पटते कशी?

२०१८ मध्ये 'टोळी आलीय, पोरांच्या किडन्या काढते' हा मेसेज देशभर फिरला. १ जुलैला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांचा जीव घेतला. मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी, भिक्षा मागणारे. अफवा तपासणाऱ्यांनी आणि जाणकारांनी लिहावं.

कडूकारलं: या मेसेजबरोबर फिरलेली गाजलेली क्लिप कराचीची. मोटरसायकलवर दोघं येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोरांतलं एक उचलतात. मूळ फिल्म जनजागृतीची. शेवटी तेच दोघं पोर परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढी शेपटी कापली की काम झालं. तपासताना आधी आवाज बंद करा, तो बऱ्याचदा मागाहून चढवलेला असतो. मग नंबरप्लेट, पाट्यांची लिपी. तीन-चार फ्रेमचे स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये (चित्रावरून शोध घेणारं अॅप) टाका. चेहऱ्याची फ्रेम नको, दुकान किंवा भिंत दिसेल अशी घ्या.

ओटीवरून: रांगेत ठेवलेल्या बालमृतदेहांची दृश्यंही फिरली. ती सीरियातल्या घौताच्या २०१३ च्या रासायनिक हल्ल्याची.

बर्फाची_पेटी: किडनीचं गणित मांडा. रक्तगट, क्रॉसमॅच (देणाऱ्या-घेणाऱ्याचं रक्त जुळतं का ही तपासणी), ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ. आणि काढलेली किडनी थंड ठेवूनही साधारण २४ ते ३६ तासच टिकते. व्हॅनमध्ये हे होत नाही. पण 'असलं काही नसतंच' म्हणालात की संपलात, कारण किडनी रॅकेट खरोखर पकडली गेलीत. तिथे गरिबाला पैशाचं आमिष असतं, नात्याचे खोटे कागद असतात आणि ऑपरेशन रीतसर रुग्णालयातच होतं. अफवा या खऱ्याच्या पाठीवर बसून येते. आधी ते कबूल करा, मग फरक सांगा.

दोन_बाण: पाच ग्रुपवर आलं की पाच साक्षीदार वाटतात, उगम एकच. १९७७ च्या एका प्रयोगात दोन-दोन आठवड्यांनी तीच वाक्यं पुन्हा समोर ठेवली, तर लोकांना ती जास्त खरी वाटू लागली. म्हणून खुलाशात 'टोळी' हा शब्द घोळवू नका. 'क्लिप कराचीची आहे, शेवट कापलाय', इथून सुरुवात. व्हॉट्सअॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली, पण मजकूर कॉपी-पेस्ट केला की फॉरवर्डची खूणच जाते. आणि मेसेज टाकणाऱ्या काकांना ग्रुपवर खोडू नका, ते हट्टाला पेटतात. फोन करा.

कडूकारलं: जमाव जमल्यावर मात्र यातलं काहीच चालत नाही. राईनपाड्यात त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. अशा वेळी क्लिप दाखवत बसू नका, ११२ लावा.