नववीपासून राज्य मंडळ की केंब्रिज? दोन्ही वाटा असलेल्या शाळेबद्दल ऐरोली-ठाणे परिसरातील पालकांचे अनुभव हवे आहेत

नमस्कार मंडळी,

आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगी राज्य मंडळाच्या सेमी-इंग्रजी शाळेत सातवीत शिकते आहे आणि पुढील वर्षी आठवीसाठी तिची शाळा बदलायचा विचार आहे. घोडबंदर रस्त्यावरील एका शाळेत आठवीपर्यंत सर्व मुले एकत्र शिकतात आणि नववीच्या सुरुवातीला राज्य मंडळाची दहावी किंवा केंब्रिजची आयजीसीएसई (दहावीच्या तोडीची आंतरराष्ट्रीय परीक्षा) यांपैकी एक वाट निवडायची असते. शाळा पाहून आलो, शिक्षकांशी बोललो, माहितीपत्रक वाचले. तरीही मनातील मुख्य प्रश्नाचे उत्तर तेथे मिळण्यासारखे नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

प्रश्न असा आहे की, नववीत केंब्रिजची वाट घेतलेल्या मुलाला दहावीनंतर राज्य मंडळाच्या अकरावी विज्ञान शाखेत परत यायचे झाल्यास ते प्रत्यक्षात कितपत सुकर होते? नियमाने येता येते, हे मला ठाऊक आहे. ज्यांची मुले खरोखर अशी परत आली आहेत, त्यांनी अकरावी-बारावीची दोन वर्षे कशी गेली ते सांगावे, ही विनंती.

हा विचार का करावा लागतो आहे, तेही सांगते. यजमानांच्या कंपनीकडून त्यांना दोन-तीन वर्षांत परदेशी पाठवले जाण्याची शक्यता आहे. ते घडेल की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही. घडले, तर आयजीसीएसई दुसऱ्या देशात पुढे चालू ठेवता येईल आणि मुलीचे वर्ष वाया जाणार नाही. नाही घडले, तर तिला इथेच अकरावी-बारावी करून एमएचटी-सीईटी (राज्याची अभियांत्रिकी वगैरेंसाठीची प्रवेश परीक्षा) किंवा नीट (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) द्यावी लागेल. सीईटीमध्ये सुमारे वीस टक्के भार अकरावीच्या आणि ऐंशी टक्के बारावीच्या अभ्यासक्रमाचा असतो आणि तो अभ्यासक्रम राज्य मंडळाचा असतो. नीटची तयारी तर एनसीईआरटीच्या पुस्तकांवरच होते. म्हणजे नववीत आम्ही जी निवड करू, तिचा परिणाम दहावीच्या निकालावर थांबणार नाही.

मुलीचा कल पाहिला, तर मला केंब्रिजची पद्धत तिच्या स्वभावाला जवळची वाटते. शाळेने रसायनशास्त्राची एक जुनी प्रश्नपत्रिका पाहायला दिली होती. त्यात थर्मामीटरची चित्रे होती, प्रत्येकावरील तापमान वाचून तक्ता भरायचा, त्यावरून आलेख काढायचा, एखादा बिंदू रेषेच्या बाहेर का पडला असावा ते लिहायचे आणि शेवटी एक प्रयोग स्वतः आखायचा, असे प्रश्न होते. ती जेवणाच्या टेबलावर बसून तासभर ते सोडवत राहिली, उठायलाच तयार नव्हती. माझे सासरे ठाण्यातील एका मराठी शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवत असत, त्यांनीही ती प्रश्नपत्रिका मन लावून वाचली आणि म्हणाले, "प्रश्न उत्तम आहेत, पण हा पेपर प्रयोगशाळेऐवजी आहे, की प्रयोगशाळेत काम करून झाल्यावर आहे, हे आधी विचार." त्यांचे म्हणणे अगदी योग्य होते. केंब्रिजच्या विज्ञान विषयांत शाळा प्रत्यक्ष प्रयोगांचा पेपर क्रमांक पाच घेऊ शकते किंवा त्याऐवजी लेखी स्वरूपातील पेपर क्रमांक सहा घेऊ शकते, आणि आम्हाला दाखवलेला पेपर सहावा होता. लेखी पेपर घेणे यात गैर काहीच नाही. मात्र त्याच्या आधीची दोन वर्षे मुलांनी ब्युरेट हातात धरलेली असणे मला आवश्यक वाटते. आपल्या मुलांच्या शाळेत आठवड्याला किती तासिका प्रयोगशाळेत होतात, हे कोणी सांगितल्यास मोठी मदत होईल.

आपल्याकडील 'शास्त्रीय कारणे लिहा', 'फरक स्पष्ट करा', 'नामनिर्देशित आकृती काढा' या प्रश्नांना मी कमी लेखत नाही. त्या सरावातून मुले मुद्देसूद लिहायला शिकतात आणि अकरावीत त्याच शिस्तीची गरज पडते. माझी खरी काळजी गणिताची आहे. आयजीसीएसईत गणित कोअर आणि एक्स्टेंडेड अशा दोन स्तरांवर घेता येते आणि कोअर स्तरावर कितीही चांगला पेपर लिहिला, तरी सी-पेक्षा वरची श्रेणी मिळत नाही. हा निर्णय कोण घेते आणि कधी घेते? पालकांना विचारले जाते, की सराव परीक्षेच्या गुणांवरून शाळाच ठरवते? तसेच, भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे तीन स्वतंत्र विषय म्हणून शिकवले जातात, की एकत्रित विज्ञान म्हणून, यावरही अकरावीचा पाया ठरेल असे मला वाटते. शाळेत हा प्रश्न विचारल्यावर 'मुलांच्या संख्येवर अवलंबून आहे' असे उत्तर आले. केंब्रिजची तुकडी लहान असल्याने हे समजण्यासारखे आहे, पण त्यामुळेच आधीच्या तुकड्यांच्या पालकांकडून ऐकायचे आहे.

दुसरी अडचण वेळापत्रकाची आहे. केंब्रिजच्या परीक्षा भारतात फेब्रुवारी-मार्च, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा तीन सत्रांत होतात. मार्चच्या सत्राचा निकाल मे महिन्यात लागतो, त्यामुळे अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशप्रक्रियेत वेळेवर उतरता येते. मे-जूनच्या सत्राचा निकाल मात्र ऑगस्टमध्ये येतो आणि तोपर्यंत चांगल्या महाविद्यालयांच्या नियमित फेऱ्या उरकलेल्या असू शकतात. म्हणून सर्व विषय मार्चमध्येच देता येतात का, की काही विषयांसाठी मे-जूनपर्यंत थांबावे लागते, हे आपल्या अनुभवावरून सांगावे. श्रेणींचे गुणांत रूपांतर झाल्यावर ठाण्यातील किंवा वाशीतील महाविद्यालयांत अपेक्षेप्रमाणे प्रवेश मिळाला का, हेही कळवावे.

मराठीबद्दल मी ठाम आहे. 2020च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, तेव्हा विषय वेळापत्रकात असेल यात शंका नाही. पण मुलगी आज कविता पाठ करते, निबंध लिहिते, आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. तिची मराठी आठवड्यातील दोन तासिकांपुरती उरू नये, असे मला मनापासून वाटते. केंब्रिजच्या वाटेवरील मुलांना मराठी कोणत्या पातळीची शिकवली जाते?

संलग्नतेचीही खातरजमा करते आहे. राज्य शासनाने 2018 मध्ये सुरू केलेले महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ 2020 मध्ये बरखास्त झाले आणि त्यातील मुलांना पुन्हा राज्य मंडळाकडे यावे लागले, हे आठवत असल्याने मी कोणत्याही वाटेची कागदपत्रे पाहिल्याशिवाय पुढे जाणार नाही. शाळेचा यूडायस क्रमांक (शासनाच्या नोंदीतील शाळेचा ओळख क्रमांक) आणि केंब्रिजचा केंद्र क्रमांक दोन्ही मागून घेतले आहेत. आणखी काय पाहावे?

शुल्काविषयी थोडक्यात विचारते. केंब्रिजचे परीक्षा शुल्क प्रत्येक विषयासाठी वेगळे आकारले जाते आणि ते वार्षिक शुल्काबाहेर असते, एवढे समजले आहे. याखेरीज पुस्तके, प्रयोगशाळा किंवा सराव परीक्षा यांसाठी नववी-दहावीत आणखी किती रक्कम भरावी लागली, याचा ढोबळ अंदाज द्यावा. राज्य मंडळाच्या वाटेवरून केंब्रिजकडे किंवा उलट वर्षाच्या मध्यात बदल केल्यास भरलेल्या शुल्काचे काय होते, हेही कोणाला ठाऊक असल्यास सांगावे.

वाशीकडील एका सीबीएसई शाळेचाही पर्याय आहे. ट्रान्स-हार्बर लोकलने जाणे-येणे सोपे, एनसीईआरटीची पुस्तके आणि 2026 पासून दहावीच्या परीक्षेची दुसरी संधी, या तिन्ही गोष्टी तिच्या बाजूने आहेत. परदेशी जाणे नक्की नसेल, तर हीच शाळा बरी, असे यजमानांचे मत आहे. मला मात्र घोडबंदरच्या शाळेत निर्णयासाठी एक वर्ष हातात मिळते, हा मोठा लाभ वाटतो. ऐरोलीहून घोडबंदरला शाळेची बस सकाळी किती वाजता येते आणि दुपारी किती उशिरा सोडते, हे त्या मार्गावरील पालकांनी सांगितले, तर या दोन शाळांची तुलना करणे सोपे जाईल, कारण तेराव्या वर्षी मुलीची झोप आणि खेळ यांवर रोजचा प्रवास किती अतिक्रमण करेल, याचाही मी तितकाच विचार करते आहे.

शाळेचे नाव जाहीरपणे लिहायला संकोच वाटत असल्यास मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. विशेषतः ज्यांची मुले आयजीसीएसई करून अकरावीला परत आली आणि आता बारावीत आहेत किंवा सीईटी देऊन पुढे गेली आहेत, त्यांनी पहिल्या सहामाहीत कोणत्या विषयात किती जड गेले आणि त्यासाठी दहावीच्या सुट्टीत काय करून घेतले, हे सविस्तर लिहावे. प्रवेश अर्ज या महिनाअखेरीपर्यंत भरायचा आहे.