मदत हवी आहे: लंकावीत शिडाच्या बोटीवर राहतो, ओल आणि बुरशी आवरत नाही

नमस्कार मंडळी,

जून महिन्यापासून मी आणि माझे पती मलेशियातील लंकावी बेटावर, कुआह गावासमोर नांगरलेल्या आमच्या ३६ फुटी शिडाच्या बोटीवर राहत आहोत. पतींनी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर म्हणून २८ वर्षे काढली, त्यामुळे यंत्रे, बॅटऱ्या आणि नांगर यांची मला काळजी नाही. मात्र मालवाहू जहाजावर राहण्याच्या खोल्या रात्रंदिवस वातानुकूलित असतात, आणि एवढ्याशा बोटीच्या पोटात दोन माणसे कायमची राहू लागली की काय होते, हे त्यांनाही इथे येऊनच कळले.

आमची अडचण ओलीची आहे. माझे माहेर मालवणचे, तेव्हा पावसाळ्यात दोन-दोन दिवस न वाळणारे कपडे मला नवीन नाहीत. पण मागच्या आठवड्यात पुढच्या केबिनमधली गादी उचलली तेव्हा तिच्या खालच्या बाजूला मोहरीएवढे काळे ठिपके हातभर लांबीत पसरलेले दिसले आणि खालचे प्लायवूड हाताला गार व ओलसर लागले. त्याच दिवशी कपाटातले आजीचे इरकली लुगडे काढून पाहिले, तर घडीच्या काठावर पांढरी बुरशी आली होती. पोहे आणि पापड घट्ट झाकणाच्या डब्यातही सादळतात, रव्याला महिन्याभरात जाळी लागते, आणि केबिनमध्ये सतत एक कुबट वास असतो. लुगड्याचे मला फार वाईट वाटले, हे इथे मोकळेपणाने लिहिते.

आतापर्यंत जे केले ते सांगते. दिवसा सगळ्या खिडक्या आणि छताची दारे उघडी असतात. रात्री मात्र, विशेषतः पहाटेच्या सुमारास, मलाक्काच्या सामुद्रधुनीकडून येणारी वादळे, ज्यांना इथे ‘सुमात्रा’ म्हणतात, अचानक वारा आणि पाऊस घेऊन येतात, आणि मग धावपळ करून सगळे बंद करावे लागते. ओल शोषणाऱ्या खड्यांचे डबे ठेवले, ते चार दिवसांत पाण्याने भरतात. बुरशी आधी व्हिनेगरने आणि मग ब्लीचच्या पाण्याने पुसली, ती पुन्हा आली. दोन लहान पंखे आहेत. ३०० वॅटचे सोलर पॅनेल आहेत, पण शिडाच्या आडव्या दांड्याची सावली त्यांवर पडते आणि सकाळी बॅटरी १२.२ व्होल्टवर आलेली असते, म्हणून आणखी पंखे लावायला धीर होत नाही.

गोड्या पाण्याची टाकी ३०० लिटरची आहे आणि ती भरायची म्हणजे धक्क्यावरून २० लिटरचे कॅन डिंगीतून, म्हणजे आमच्या छोट्या होडीतून, आणायचे. त्यामुळे आम्ही पाणी जपून वापरतो. कपडे आणि चादरी समुद्राच्या पाण्यात धुऊन एकदाच गोड्या पाण्यातून काढते आणि केबिनची जमीनही समुद्राच्याच पाण्याने पुसते.

प्रश्न असा आहे की, आम्ही मरिनात, म्हणजे भाडे भरून बोट धक्क्याला बांधण्याच्या जागी, जाऊन धक्क्यावरची वीज घ्यावी आणि ओल काढणारे यंत्र चालवावे का, की नांगरावर राहूनही यातून मार्ग निघतो? मरिनाचा दर महिन्याचा खर्च आम्हाला झेपेल, पण आनंदाने नव्हे. ज्यांनी उष्ण प्रदेशात बोटीवर दिवस काढले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

ताई, मी थायलंडमधील फुकेतजवळ दोन वर्षे बोटीवर राहिलो आहे. आपल्या पत्रातला शेवटून दुसरा, पाण्याविषयीचा परिच्छेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. श्रावणात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, ते आपण मालवणात पाहिलेच असेल. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते, आणि लंकावीत या दिवसांत ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. समुद्राच्या पाण्यात धुतलेली चादर एकदा खळबळून काढली तरी तिच्यात मीठ राहते, त्यामुळे ती कधीच पुरती वाळत नाही, आणि रोज रात्री आपण त्या चादरीवर झोपून गादीला ओल पुरवत असता. जमिनीचेही तसेच. खड्यांचे डबे या मिठापुढे पुरे पडणार नाहीत.

म्हणून आधी गोड्या पाण्याची सोय वाढवा. पाऊस हीच सोय आहे. एक चौरस मीटर कापडावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते, म्हणजे सहा चौरस मीटरचे ताडपत्रीचे छत आणि २० मिलिमीटरची एक सर असेल तर १२० लिटर. पहिली काही मिनिटे पाणी वाहून जाऊ द्या, कारण त्यात छतावरचे मीठ असते, आणि मग नळी टाकीत सोडा. आतले सगळे लाकूड, गाद्यांची आवरणे आणि कपडे गोड्या पाण्याने दोनदा धुऊन काढा.

मरिनात जाण्याची घाई करू नका. नांगरावरची बोट वाऱ्याकडे तोंड करून राहते, त्यामुळे पुढच्या दारातून हवा आत शिरते आणि मागून बाहेर पडते. धक्क्याला बांधलेली बोट वळत नाही. कुआहसमोर भरती-ओहोटीची ओढ जोरात असेल तेव्हा बोट आडवी राहील, तेवढ्या वेळापुरते पंखे चालवा. असे लहान पंखे वीज फार खात नाहीत. पॅनेल मात्र सावलीतून हलवाच, कारण एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा पॅनेलचे उत्पादन बरेच कमी करते.

आणखी एक गोष्ट गॅसची. एक किलो गॅस जळताना सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते. डाळ-भात कुकरमध्ये लावा, कुकर आपोआप थंड होऊ द्या, आणि स्वयंपाक करताना शेगडीवरचे दार उघडे ठेवा. व्हिनेगर आणि ब्लीच एकापाठोपाठ एक कधीही वापरू नका, त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद केबिनमध्ये तो घातक ठरतो. आणि लुगडे सावलीत वाळवून मालवणला जाणाऱ्या कुणाबरोबर घरी पाठवा.

मूळ लेखिकेचे उत्तर

मनापासून आभार. मिठाची बरणी वाचून मी पतींना हाक मारून वाचून दाखवले. परवा दुपारी तासभर चांगला पाऊस झाला, तेव्हा छताखाली कॅन लावून ८० लिटर पाणी धरले, आणि एक चादर त्यात दोनदा खळबळून बाहेर टाकली. समुद्राच्या पाण्यात धुतलेली दुसरी चादर तिच्या शेजारीच होती. संध्याकाळी पहिली कोरडी होती आणि दुसरी अजून हाताला चिकटत होती. ब्लीच उचलून ठेवले आहे, आणि पॅनेल मागच्या कमानीवर हलवण्याचे काम पतींनी सुरू केले आहे. लुगडे दिवाळीला येणाऱ्या भाचीबरोबर जाईल. आता गादीखालच्या प्लायवूडला हवेसाठी भोके पाडायची आहेत. ती किती मोठी आणि किती अंतरावर पाडली म्हणजे फळी कमकुवत होणार नाही, हे कुणी सांगू शकेल का?