संहिता नसते असं नाही, ती शेवटी येते

"आधी लिहिलेली संहिता नसेल तर नाटक विस्कळीतच होणार" असं अनेकदा म्हटलं जातं, ते मला पटत नाही. नट आणि दिग्दर्शक मिळून उभं करतात अशा नाटकातही संहिता असते, फक्त ती तालमीत घडते. जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशने 1973 मध्ये जर्मनीतल्या वुपरटाल शहराची नृत्यसंस्था हाती घेतली. पुढे ती हालचाली बसवून देण्याऐवजी नर्तकांना प्रश्न विचारू लागली. उत्तरं कधी हालचालीतून यायची, कधी शब्दांतून. त्यातलं बहुतेक ती टाकून द्यायची. खरं काम तिथंच आहे, टाकण्यात. नवे गट नेमके इथं अडखळतात. सुचलेल्या प्रत्येक गोष्टीवर जीव जडतो आणि प्रयोग म्हणजे तालमीतल्या गमतीजमती एकापाठोपाठ एक, एवढंच उरतं.

म्हणून एकजण न खेळणारा, फक्त पाहणारा आणि टिपणं काढणारा हवाच. व्हिडिओवर विसंबू नका; काय घडलं ते त्यात दिसतं, ते का भिडलं हे दिसत नाही. विषयही सैल नको. 'एकटेपणा' घेऊन इम्प्रोव्हायझेशनला (म्हणजे आधी न ठरवता, सुचेल ते करून बघायला) उभे राहिलात तर सगळे काल्पनिक खिडकीतून बाहेर बघत बसतील (हसू नका, असंच होतं). त्यापेक्षा बंधन घाला: एक खुर्ची, तीन माणसं, बोलायचं नाही आणि खुर्ची रिकामी राहता कामा नये. प्रकाश आणि ध्वनी बघणारे पहिल्या दिवसापासून तालमीत हवेत. आयत्या वेळी बोलावलं तर ते फक्त सजावट करतात.

श्रेयाचं मात्र सुरुवातीलाच लिहून ठेवा. प्रसंग नटांनी शोधले, मांडणी दिग्दर्शकाची, मग जाहिरातीत लेखक म्हणून नाव कोणाचं? दुसऱ्या संचात प्रयोग करायची वेळ आली की यावरून भांडण ठरलेलं.